लेंडीआत्याचं विरजण

भिंतीला कान असतात म्हणतात, पण या लाँड्रीत मुळात भिंतच नव्हती. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागे स्वयंपाकघर आणि मधे नुसत्या फळ्या ठोकलेल्या. फळ्यांच्या फटींतून कांद्याचा वास इकडे यायचा आणि इस्त्रीची वाफ तिकडे जायची. त्यामुळे भाऊ-भावजय मागे भांडायला लागली की पुढे इस्त्री करणाऱ्या आत्याला ते ऐकावंच लागायचं. कानात बोळे घालावेत तर गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळायचं नाही.

त्या दुपारी भांडण तिच्यावरूनच होतं.

"मागची जागा मला हवी," वहिनी म्हणत होती. "चार खांब रोवते, दोऱ्या बांधते. चादरी वाळत घालायला जागा नाही, गिऱ्हाईक तोंडावर बोलतं."

"पण तिला तिथे काहीतरी लावायचंय म्हणे."

"लावू दे की! दगडावर लावू दे! साबणाचं नि सोड्याचं पाणी पिऊन पिऊन ती माती मेलीय. गवत उगवत नाही तिथे, गवत! आणि तुमची बहीण तिथे बाग करणार?"

"अगं, तिने आजवर काही मागितलं नाही. हे एवढंच मागितलंय."

"हो ना! न मागणारी ती शहाणी आणि मागणारी मी हावरट. या घरात न बोलणाऱ्याला मिळतं आणि बोलणाऱ्याला बोलणी!"

एक पातेलं दाणकन आपटलं. दादा म्हणजे दोन दोऱ्यांच्या मधला चिमटा. इकडून ओढ, तिकडून ओढ, आणि सोडायचं मात्र कुणालाच नाही. शेवटी तो म्हणाला, "असं कर. एक वर्ष दे तिला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे काही उगवलं तर जागा तिची. नाही उगवलं तर तुझे खांब, तुझ्या दोऱ्या. मग ती एक शब्द बोलायची नाही आणि मीही नाही."

"बोलू नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाली, आणि पातेलं पुन्हा आपटलं, पण हळू. म्हणजे सौदा पटला.

इकडे जळका वास आला तेव्हा आत्या भानावर आली. इस्त्री एका सदऱ्याच्या कॉलरवर तशीच थांबली होती आणि खाली तांबूस डाग उमटला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने लिंबू चोळून, उन्हात टाकून तो डाग काढला आणि कुणाला कळू दिलं नाही. ऐकलंय हेही कळू दिलं नाही. पण वर्ष सुरू झालं, हे तिला कळलं.

आता कुणी विचारेल, की या बाईला बाग कशाला हवी होती? तिचं लग्न झालं नाही. वय झालं तेव्हा वडील आजारी होते, वडील गेले तेव्हा वय गेलं होतं. भावाने लाँड्री काढली, ती इस्त्रीला उभी राहिली. कोळशाची इस्त्री, वरवंट्यासारखी जड. सकाळी कपड्यांचे डोंगर यायचे, संध्याकाळी घड्या होऊन जायचे, आणि आठवडा गेला की तेच कपडे पुन्हा चुरगळून टेबलावर. केलेलं काम कधी केलेलं राहतच नव्हतं. तिला एवढंच वाटायचं की आपल्या हातचं काहीतरी असं असावं, जे रोज थोडं वाढत जाईल आणि चुरगळून परत येणार नाही.

पण जागा खरंच मेलेली होती. लाँड्रीच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी चार खाटा मावतील एवढा तो तुकडा. वर्षानुवर्षं कपड्यांचं पाणी तिकडेच सोडलेलं. वर पांढरी पापडी धरलेली, आणि पहार मारली की पहारच उडून परत यायची. तांब्याभर पाणी ओतलं तर ते आत न मुरता वर तरंगायचं आणि त्याला फेस यायचा. वहिनी खिडकीतून म्हणायची, "वन्सं, दोन सदरे तिथेच खंगाळून घ्या, साबण तरी वाचेल!" आत्याने घेवडा टोचला, भोपळ्याच्या बिया टोचल्या. बिया आत कुजल्या की मुंग्यांनी नेल्या, कोण जाणे. वर काही आलं नाही.

टेकडीवर रानाच्या तोंडाशी राखणदाराची चौकी होती. त्याचा गणवेश दर आठवड्याला लाँड्रीत यायचा आणि पोहोचवायला आत्या जायची, कारण वहिनीचे गुडघे आणि दादाचा दम, दोन्ही त्या चढावर टिकायचे नाहीत. गणवेशाला भरपूर खळ लागायची. पँट अशी कडक हवी की भिंतीला टेकवली तर उभी राहील.

"साहेब, इथे रानात तुमची इस्त्री बघतंय कोण?" आत्याने एकदा विचारलं होतं.

"हरणं बघतात," तो म्हणाला होता. "घडी मोडलेली असली की त्यांना वाटतं, हा कुणीतरी चोर आलाय."

चौकीच्या थोडं अलीकडे, एका सपाट जागी हरणांचा ढीग होता. हरणांची ही एक रीत असते. हिंडतील कुठेही, पण पोट मोकळं करायला पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. काळ्या चकचकीत लेंड्यांचा तो ढीग, चांगला टोपलीभर. इतक्या वर्षांत आत्या दर वेळी नाक मुरडून त्याला वळसा घालून गेली होती. पण या खेपेला तिचं लक्ष गेलं ते ढिगाच्या कडेला. सगळं रान वाळून कोळ झालेलं, आणि त्या कडेला मात्र हिरवंगार गवत, हाताएवढं. खाली जमीन कसली? तर मुरूम. म्हणजे तिच्या तुकड्याची सख्खी बहीणच.

ती चौकीत गेली आणि गणवेश हातात देता देता म्हणाली, "साहेब, रानातून पान न्यायला बंदी आहे म्हणे."

"आहे."

"फांदी?"

"तीही आहे. फळ, मध, दगड, सगळ्याला आहे."

"आणि लेंड्या?"

राखणदार विचारात पडला. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बाई, एवढी वर्षं नोकरी केली, पण लेंड्या चोरायला कुणी आलं नाही. त्याबद्दल वरून काही हुकूम नाही."

"मग नेते."

"न्या. पण कुणाला सांगू नका की मी त्यांची राखण करत होतो."

गणवेश आणलेल्या पिशवीतच आत्याने लेंड्या भरल्या. घरी ठेवायला सुकी जागा एकच होती, ती म्हणजे इस्त्रीच्या टेबलाखाली. पिशवी तिथे सारली, वर गोणपाट टाकलं आणि कामाला लागली. आता वर कोळशाची धग, खाली ताज्या लेंड्या. दुसऱ्या दिवशी पेढीवरचे कारकून इस्त्रीचा सदरा नेऊन तासाभरात परत आले.

"हा सदरा घालून मी कामावर बसलो," ते म्हणाले, "आणि शेजारचा माणूस म्हणाला, तुम्ही शेळ्या कधी घेतल्यात?"

वहिनीने नाक वर केलं, वास काढत काढत ती टेबलाखाली वाकली, आणि तिने पिशवी दोन बोटांत धरून बाहेर काढली. "वन्सं! हे काय!"

"लेंड्या."

"ते दिसतंय मला! कपड्यांच्या दुकानात लेंड्या!"

कारकूनबुवा हसले, सदरा पुन्हा धुवायला टाकून गेले, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं. भाचा तिला आत्या म्हणायचा म्हणून गल्लीही आत्या म्हणायची. त्या दिवसापासून ती लेंडीआत्या झाली. नाव ठेवताना लोकांनी चिडवायला ठेवलं होतं. पुढे तेच नाव लोक प्रेमाने घ्यायला लागले, पण ते फार पुढे.

पिशवी बाहेर गेली. आत्याने वैतागून सगळ्या लेंड्या तशाच त्या तुकड्यात पसरल्या, पहारीने खणून मातीत कालवल्या आणि पाणी दिलं. आणि काय सांगावं, पंधरवडा गेला नाही तोच हिरवे कोंब वर आले! आत्या सकाळी उठून आधी ते बघायची, मग चूल. थोडे वाढले तसे कळलं की ते घेवड्याचे नाहीत, भोपळ्याचेही नाहीत. हरणं रानात जे खातात त्याचंच बी त्यांच्या पोटातून येतं. तुकडाभर काटेरी झुडपं उगवली होती.

वहिनीला तर सणच. "उगवलं गं बाई, उगवलं! काटे उगवले!"

दादा शांतपणे म्हणाला, "अट काय होती? काही उगवलं तर. उगवलं."

"आहा रे माझे वकील! मग घाला ते काटे ताटात. खाण्याजोगं उगवायला हवं, खाण्याजोगं!"

"तसं काही ठरलं नव्हतं."

"आता ठरलं."

फळ्यांच्या अलीकडे आत्या हसू दाबत होती. मनातून मात्र तिने वहिनीलाच मान्य केलं. काट्यांवर जागा जिंकली असती तर त्या जागेकडे बघताना तिलाच लाज वाटली असती. तिने हाताला फडकी गुंडाळून एकेक झुडूप उपटलं.

पुढच्या खेपेला राखणदार म्हणाला, "कच्चं घातलंत तर कच्चंच फळणार. आमच्या चौकीमागे पाला आणि लेंड्या ओल्या होऊन पडतात ना, त्या ढिगात हात घातला तर भाजतो. त्यातून आजवर एक कोंब आलेला नाही."

भाजण्याचं नाव काढलं आणि आत्याला धीर आला. तापणं-निवणं ही तर तिची विद्या. तिने तुकड्याच्या कोपऱ्यात, घरापासून दूर, लेंड्या आणि वाळका पाला यांचे थर रचले. पाणी शिंपडलं ते विहिरीचं, साबणाचं नव्हे. कपड्यावर शिंपडते तसंच, ओंजळीतून, भिजेल पण चिंब होणार नाही असं. वर गोणपाट. दोन दिवसांनी गोणपाट उचललं तर आतून वाफ. तिने ओलं बोट लावून बघितलं, जसं इस्त्रीला लावतात. चुर्र झालं नाही, पण हात मागे आला. निवायला लागलं की ती ढीग खालवर करायची, पाणी शिंपडायची, की तो पुन्हा तापायचा. असं करता करता एक दिवस तो तापेनासा झाला. आत हात घातला तर लेंड्या नाहीत, पाला नाही. काळी भुसभुशीत पूड, आणि वास पावसानंतरच्या मातीचा. ती मूठ तिने मुद्दाम वहिनीच्या नाकाशी नेली. वहिनी दोन पावलं मागे सरली, मग वास घेतला, आणि काहीच न बोलता निघून गेली. वहिनी गप्प बसणं ही छोटी गोष्ट नव्हती.

त्या पुडीने माती हळूहळू मऊ पडत चालली. पापडी फुटली, पाणी मुरायला लागलं. घेवडा उगवला, भोपळ्याने दोन पानं काढली. पण खत संपत आलं. सगळी जागा भरायची तर आणखी तीन-चार ढीग लागणार होते आणि निम्मं वर्ष तर गेलं होतं. आत्या घाईला आली. आणि घाईत माणूस तेच करतं, जे त्याला सगळ्यात चांगलं येतं.

ती पोतं, घमेलं आणि खराटा घेऊन चढली. हरणांचा ढीग सगळाच्या सगळा भरला. पण भरून झाल्यावर खाली चार-दोन लेंड्या राहिलेल्या दिसल्या. आता जन्मभर डाग काढलेली बाई, तिला ते बघवेल का? तिने खराट्याने जागा झाडली. मग पुन्हा झाडली. गवताच्या मुळाशी अडकलेल्या लेंड्या बोटांनी वेचल्या. शेवटी ती जागा अशी लख्ख झाली की जेवायला पानं मांडावीत. कमरेवर हात ठेवून तिने ती बघितली आणि समाधानाने खाली आली.

पुढच्या आठवड्यात गेली तर जागा तशीच लख्ख. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. एक लेंडी नाही.

"साहेब, हरणं गेली कुठे?"

"आहेत की. ओढ्यापलीकडे जातात आता, करवंदीच्या जाळीत. काय केलंत तुम्ही? त्यांना वाटलं असेल, इथे मालक बदलला."

ओढ्यापलीकडची ती जाळी म्हणजे उतार खडा, पायाखाली गोटे आणि अंगाला काटे. एकदा ती कशीबशी गेली आणि पदर फाडून, गुडघा फोडून आली. पोतं घेऊन तिथून येणं शक्यच नव्हतं. लाँड्रीत डाग राहिला तर गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिने आयुष्यभर घोकलेलं. इथे डाग राहिला नाही म्हणून गिऱ्हाईक परत येत नव्हतं! हे तिच्या शहाणपणात कुठे बसेना.

खाली वेल अडून बसले. भोपळ्याची पानं कडेने पिवळी पडायला लागली. वहिनीने सुताराला बोलावून खांबांचं माप दिलं. वर्ष पुरं व्हायचं होतं, पण खांब करायला दिवस लागतात, असं तिचं म्हणणं. सुताराने खांब आणून रोवूनही टाकले, तुकड्याच्या चारी कोपऱ्यांत. "दोरी बांधणार नाही अजून," वहिनी म्हणाली. "मी काही अधर्मी नाही. नुसते उभे आहेत बिचारे." आत्या येता-जाता ते खांब बघायची आणि मग इस्त्री जरा जास्तच जोरात फिरवायची.

अशातच एका सकाळी स्वयंपाकघरात आरडाओरडा झाला.

"दह्याचं भांडं कुणी घासलं? वन्सं! तुम्हीच ना? तुमच्याशिवाय इतकं लख्ख कोण घासणार!"

आत्यानेच घासलं होतं. राखेने, आतून बाहेरून, तोंड दिसेपर्यंत.

"तळाला चमचाभर ठेवायचं असतं विरजणाला, एवढं कळत नाही का? सगळं पुसून काढलंत! आता कशाला काय लावू? कोरड्या भांड्यात दूध ओतून दही लागतं का कधी? मूठभर तरी मागे ठेवावं माणसाने!"

"चमचाभर, वहिनी."

"चमचाभर, मूठभर, काय वाटेल ते! जा आता शेजारी आणि मागून आणा त्यांच्याकडून विरजण!"

आत्या वाटी घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथेच थांबली. वाटीकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं. मग अशी काही हसली की वहिनी आणखीच भडकली. "हसायला काय झालं?"

"काही नाही वहिनी. तुम्ही फार चांगलं बोललात."

"मी चांगलं बोलले?" वहिनीने दादाला हाक मारली. "अहो, तुमच्या बहिणीला ताप आलाय का बघा!"

शेजारून विरजण आणून दिलं आणि आत्या तडक टेकडी चढली. हातात तीच वाटी. ओढा ओलांडून, काट्यांत शिरून, तिने करवंदीच्या जाळीतल्या ढिगातून वाटीभर ताज्या लेंड्या उचलल्या. पदराखाली झाकून, जणू आत विरजणच आहे अशा बेताने, ती वाटी जुन्या जागेपर्यंत आणली, आणि त्या लख्ख जमिनीच्या मधोमध ओतली. वर हाताने हलकंच थोपटलं. दही लावल्यावर भांडं झाकतो ना, तसं.

मग मात्र काही करण्यासारखं नव्हतं. दही लागतंय का म्हणून भांडं सारखं उघडून बघितलं तर लागत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ती आठवडाभर तिकडे फिरकली नाही. इस्त्री करायची, पिवळ्या पानांना पाणी घालायची आणि खांबांकडे पाठ करून बसायची. रात्री झोपताना फक्त म्हणायची, "लागू दे गं बाई."

गणवेशाचा दिवस आला. लांबूनच तिला दिसलं. वाटीभराच्या जागी सूपभर झालं होतं, आणि वरच्या लेंड्या अजून ओल्या होत्या. राखणदार चौकीच्या दारात उभा राहून टोपी हलवत होता. "गिऱ्हाईक परत आलं हो, आत्याबाई! यावेळी इतकी झाडलोट करू नका!"

त्या दिवसापासून तिने कधीही खराटा वर नेला नाही. ढिगातून हवं तेवढं घ्यायचं, पण मधोमध मूठभर तसंच ठेवायचं. घाई असो, ऊन असो, पाऊस असो, ती मूठ ठेवल्याशिवाय ती वळायची नाही.

उन्हाळा लागला. ठरल्या दिवशी वहिनी दोरीचं बंडल आणि चिमट्यांची टोपली घेऊन मागच्या दारात आली. दादा मागोमाग, पंच म्हणून. आत्या इस्त्री सोडून हात पुसत आली. आणि तिघंही उभीच राहिली.

वहिनीचे चारी खांब दिसतच नव्हते. खालपासून वरपर्यंत घेवड्याचे वेल त्यांना गुंडाळून बसले होते, शेंगांचे घोस लोंबत होते. मधल्या जागेवर भोपळ्याची पानं पसरलेली, थाळ्याएवढी, आणि त्यांच्या सावलीत तीन भोपळे. एक तर असा मोठा, की शेजारपाजारची बाळं त्याच्यावर बसवून फोटो काढावा.

मग दादा हळूच म्हणाला, "खाण्याजोगं आहे ना?"

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. पुढे होऊन तिने एक शेंग तोडली, मोडून बघितली. कट्कन मोडली. दुसरी तोडली. मग चिमट्यांची टोपली जमिनीवर रिकामी केली आणि तिच्यात शेंगा भरायला लागली. टोपली भरल्यावर मागे न वळताच म्हणाली, "तसंही इथे ऊन नीट लागत नाही. दोऱ्या गच्चीवरच बऱ्या." मग जरा थांबून म्हणाली, "खांब मात्र माझे आहेत."

"तुमचेच आहेत, वहिनी," आत्या म्हणाली. "आणि विरजणही तुमचंच. तुम्ही त्या दिवशी ओरडला नसतात तर यातलं एक पान नसतं." आणि तिने वाटीची सगळी गोष्ट सांगितली.

ही गोष्ट तिने सांगायला नको होती, असं दादाला जन्मभर वाटत राहिलं. कारण पुढे जो कुणी त्या भाजीचं कौतुक करायचा, त्याला वहिनी पदर सावरून सांगायची, "अहो, कल्पना माझीच. वन्सं नुसत्या घेऊन येतात." कारकूनबुवा भोपळ्याची फोड घेऊन जायचे आणि म्हणायचे, "आता वास कसा येत नाही हो?" वहिनी म्हणायची, "आम्ही शिजवून घालतो."

अशी वर्षं गेली, आणि चांगली गेली. भांडणं झाली नाहीत असं नाही. फळ्यांच्या फटी होत्या तशाच होत्या. पण जागेवरून पुन्हा कधी झालं नाही. दादा गेला तेव्हा त्या दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत, नुसत्या मागे जाऊन शेजारी शेजारी बसायच्या आणि शेंगा सोलायच्या. मग वहिनीच म्हणाली, "वन्सं, इस्त्री थंड पडलीय," आणि दुकान पुन्हा सुरू झालं. भाच्याने विजेची इस्त्री आणली. राखणदार म्हातारा होऊन मुलाकडे राहायला गेला. जाताना तो लाँड्रीत आला, कडक इस्त्रीची पँट घालून, आणि म्हणाला, "हरणांना सांगून आलोय, आत्याबाई येतील म्हणून."

नवा राखणदार आला त्याचा गणवेश इस्त्री न लागणाऱ्या कापडाचा. घरी धुतला, झटकला, झालं. तरी तो दर आठवड्याला एक सदरा लाँड्रीत टाकायचा. कापडाला घडी पडत नव्हती, तरी आत्या ती पाडायची आणि पोहोचवायला निघायची. सदरा कशासाठी येतो, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही, पण दोघांनीही कधी विषय काढला नाही.

शेवटी शेवटी वहिनीही बरोबर यायला लागली. गुडघे तर तिचे आधीपासूनच गेलेले. अर्ध्या चढावर एक सपाट दगड होता, तिथपर्यंत ती यायची आणि बसायची. "मी इथून लक्ष ठेवते," म्हणायची. कशावर, ते कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्यातही दोघी नेहमीसारख्या निघाल्या. ती खेप शेवटची आहे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि हरणांनाही. वहिनी दगडावर बसली. आत्या सावकाश वर गेली, चौकीत सदरा दिला, दोन शब्द बोलली, आणि परतताना ढिगाशी थांबली. पिशवी अर्धीच भरली, कारण हल्ली तेवढंच ओझं झेपायचं. मधोमध मूठभर ठेवलं. वाकून हाताने हलकंच थोपटलं. कमरेला हात लावून सरळ झाली.

खालून वहिनीची हाक आली, "ठेवलं का?"

"ठेवलं."

"चिमूटभर की मूठभर?"

"मूठभर हो!"

"मग चला लवकर. दूध उतू जाईल घरी. आणि आत येण्याआधी हात-पाय धुवा हं, वन्सं!"

"धुते, धुते," आत्या म्हणाली, आणि पिशवी खांद्यावर टाकून उतरायला लागली.